बाजूक हो गो

४ नोव्हेंबर, मंगळवार

इस्पितळात पुतळा आलाय. अख्खा माणूस नाही, अर्धा — डोकं, छाती, हात. कमरेखाली कायच नाही. पेटीतून आला. पेटी बघून मला वाटलं कोणाचं भजनाचं सामान.

शर्मिला सिस्टर म्हणाली, "मावशी, ह्येका स्पिरिटान पुसून ठेवा. परवापासून ट्रेनिंग."

पुसला. ओठ रबराचे, तोंड उघडं. हात पुढे जात नव्हता, पण पुसला. इस्पितळात पुसणं हेच माझं काम.

ट्रेनिंग कशाचं, तर आयसीयूतल्या पोरींची भीती जायला. पेशंटचं काळीज बंद पडलं की काय करायचं ते आधी पुतळ्यावर करायचं, मग माणसावर. बरं सुचलं. आमचे हे गेल्यावर सुचलं.

घरी आले तर आवाठात, आमच्या वाडीत, तुळशीची लग्नं. पोरं फटाके लावतायत. आमच्या तुळशीकडे मी बघितलं नाही. पाणीपण घालत नाही हल्ली. जगायचं असेल तर जगूंदे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शिकवायला कौस्तुभ सर आलेत. डॉक्टर आहेत, लांबचे. इथली भाषा येत नाही. पोरी त्यांच्यापुढे शाळेत बसल्यासारख्या बसल्या. मी दारात फडका घेऊन. कोणी जा म्हटलं नाही.

सर म्हणाले, एकाने ऑर्डर द्यायची, दुसऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची आणि मग करायची. "इंजेक्शन द्या." "इंजेक्शन देते." म्हणजे घोटाळा होत नाही.

शर्मिला म्हणाली, "म्हणजे गाऱ्हाण्यात व्हय म्हाराजा म्हणतत, तसा."

सगळ्या हसल्या. सरांना कळेना. मग त्यांना समजावलं, देवाला गाऱ्हाणं घालताना एकजण सांगतो, बाकीचे दरवेळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. सर म्हणाले, छान, तसंच करा. मग दिवसभर तेच. "छाती दाबायला घ्या." "व्हय म्हाराजा." "ऑक्सिजन लावा." "व्हय म्हाराजा." मला पण हसू आलं. मग माझंच मला कसंतरी झालं. ह्यांना जाऊन तीन महिने नाही झाले.

पुतळ्याच्या छातीत काहीतरी बसवलंय. बरोबर खोल दाबली की टक असं वाजतं. नाही दाबली तर गप. शर्मिलाने दाबली, टक टक टक. बाकीच्यांनी पण वाजवली. तन्वीची पाळी आली. आवाज नाही. पुन्हा दाबली. नाही. भाकरी थापावी तशी दाबत होती.

मी दारातून निघून आले. तिचे हात बघायचे नाहीत मला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कोणाला सांगायला गेले की म्हणतात, शेवंती, पुरे झाला आता. म्हणून इथे लिहिते. कागद पुरे म्हणत नाही.

गणपती गेले आणि हे रापणीवरून छाती धरून आले. किनाऱ्यावर जाळ्याचे दोर ओढता ओढताच कळ आली. आमच्याच इस्पितळात आणले, आयसीयूत ठेवले. दुसऱ्या दिवशी बरे होते. मला म्हणाले, पेज आण. मी ड्युटीवर होते, खाली बाळंतिणींच्या वॉर्डात लादी पुसत होते. वर ह्यांच्यापाशी नर्मदावन्सं बसल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण.

वॉर्डबॉय बोलवायला आला. फडका हातातच राहिला, तशीच जिना चढले.

वर काय बघितलं? वन्सं ह्यांच्या तोंडात तुळशीचं पाणी घालतायत. यंत्र ओरडतंय, कोणी बंद करत नाही. आणि तन्वी, जिची ड्युटी त्या खाटेवर, ती भिंतीला टेकून हात जोडून उभी. देवळात उभी राहतात तशी. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ते येईपर्यंत सगळं संपलं.

वन्संनीच नंतर सांगितलं, अभिमानाने. "माका कळला गो. डोळे फिरवल्यान. मी पोरीक म्हटलंय, बाजूक हो गो, तोंडात पाणी घालूचा आसा. बरी पोर ती, बाजूक झाली."

तन्वीने तेव्हा छाती दाबायची होती. लगेच. तेच तिचं काम. ती बाजूला झाली!

गावात कोणी तिला बोललं नाही. उलट म्हणतात, नशीबवान, शेवटाक बहिणीच्या हातचा पाणी मिळाला, इस्पितळात कोणाक मिळता? तेराव्याला वन्संनी तन्वीला जेवायला बोलावलं, माझ्या घरात. ती आली नाही. तेवढी अक्कल होती.

ह्यांना आंघोळ घालताना मी बघितलं. अंगावर ओरखडा नव्हता. सगळे म्हणाले, काय शांत दिसतंत. मी पण तेच बघत होते — कोणी हातसुद्धा लावला नाही माझ्या माणसाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

तन्वीला आजपण टक वाजवता आलं नाही.

सर रागावत नाहीत. रागावले असते तर बरं. म्हणाले, "अजून जोर. पूर्ण वजन टाका."

तन्वी म्हणाली, "सर, बरगडी मोडली तर? म्हातारं माणूस असलं तर?"

सर म्हणाले, "मोडू दे. पुष्कळांची मोडते. गेलेल्या माणसाची बरगडी सांभाळून काय करणार?"

मी दारात होते. बादली आपटली खाली. मुद्दाम नाही. पण सगळ्यांनी वळून बघितलं. तन्वीने नाही.

छातीत जळजळतंय सकाळपासून. कालची कुळथाची पिठी बाधली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

सर म्हणाले, खरी अडचण पेशंटची नसते, नातेवाईकांची असते. ते मध्ये येतात आणि नर्सेस गोंधळतात. तेपण करून बघायचं. "कोणीतरी नातेवाईक व्हा."

कोणी हलेना. सगळ्या जमिनीकडे बघतात. सरांना काय माहीत! ते म्हणाले, अरे, नाटकाची भूमी ना ही?

मी म्हटलं, "मी होते."

शर्मिला धावत आली. "मावशी, तुम्ही नको."

"कित्याक नको? तेव्हा मी खाली लादी पुशित होतंय. आता तरी माका आत येवंदे."

आवारातली तुळस खुडली. पाण्याची बाटली घेतली. सरांनी मोबाइलवर यंत्राचा आवाज लावला, अगदी तसाच. तन्वीने दाबायला सुरुवात केली. मी आत गेले आणि वन्संचे शब्द म्हटले. तेच. त्यांच्याच आवाजात आले माझ्या तोंडातून.

"बाजूक हो गो. तोंडात पाणी घालूचा आसा."

तन्वी बाजूला झाली.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, ढकल. माझ्या थोबाडीत मार. शिवी घाल. ती भिंतीला गेली आणि हात जोडले. मी तुळस धरून उभी. खाली रबराचं तोंड उघडं. आता काय करू? पाणी घालू त्यात?

सरांनी मोबाइल बंद केला. "पेशंट गेला," म्हणाले. एसटी गेली म्हणतात तसं.

मग खुर्च्या गोल मांडून बसायचं. कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत, जे वाटलं ते सांगायचं, असा नियम. तन्वीला विचारलं. ती म्हणाली, "सर, त्या मोठ्या असतात. आजीसारख्या. आणि हातात तुळस. तुळस हातात असलेल्या माणसाला मागे सरा कसं म्हणायचं? शेवटचं पाणी अडवलं तर पाप लागतं, आमच्यात."

सर म्हणाले, "पण तो शेवट आहे हे ठरवलं कोणी?"



सरांनी वाक्य दिलं: आजी, आम्ही प्रयत्न करतोय, कृपया बाहेर थांबा. तन्वीने ते पाठ म्हणून दाखवलं, बँकेतल्या बाईसारखं. वन्संना असल्या भाषेत सांगितलं तर त्यांना वाटेल पोस्टातून कोणीतरी आलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज काही नाही. भात केला, खाल्ला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चादरी वाळत घालत होते, तन्वी आली मागच्या अंगणात. चादरीचं दुसरं टोक धरलं. मी म्हटलं, सोड. तिने सोडलं नाही.

म्हणाली, "मावशी, माका रोज दिसता."

"काय दिसता?"

"धोंडूकाका. मी बाजूक झालंय, ता."

"माकापण दिसता," मी म्हटलं. "फरक इतकोच, तुझो पगार चालू आसा."

वाईट बोलले. बोलले ते बोलले. ती रडली नाही. म्हणाली, "मी सोडतंय मावशी. डिसेंबरात. शर्मिला सिस्टरांका सांगितलंय. घराक जातंय दोडामार्गाक. बाबांच्या केळी आसत, त्या बघीन. केळीक कोणी पाणी घालूक इला तर माका बाजूक होवक लागूचा नाय."

मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं. तिने हसायला लावू नये मला. तिचा तेवढा हक्क नाही.

"जा," मी म्हटलं. "आजच जा."

मग चादर दोघींनी मिळून पिळली. एकटीने पिळली जात नाही ती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ती जाईल. बरं होईल. मग? दुसरी येईल, तीपण इथल्याच कोणाची तरी मुलगी असणार. तिच्यापुढे पण कोणाची तरी आत्या तुळस घेऊन येणार. तीपण हात जोडणार. पुतळ्यावर शिकवून काय होतंय. आम्हाला माणूस मरताना बघायची सवय, अडवायची नाही.

दुपारी पोरी जेवायला गेल्या तेव्हा मी पुतळ्यापाशी गेले. पुसायच्या निमित्ताने. हात ठेवून दाबलं. म्हटलं बघू तरी, काय एवढं कठीण आहे. टक वाजलं नाही. अंगचा सगळा जोर लावला. नाही वाजलं. मग दम लागला, घाम सुटला, हात खांद्यापासून जड झाला. खुर्चीवर बसले.

शर्मिला आली. "मावशी, काय झाला? चेहरो बघा तुमचो. चला, इसीजी काढूया."

"इसीजी कित्याक? उकाडो केवढो आसा बघ."

"नोव्हेंबरात?"

"माझ्या अंगात आसा उकाडो. जा, जेव जा."

माझ्या हातात जोर असून वाजलं नाही. म्हणजे नुसत्या जोराचं काम नव्हे. हे कळलं तर जरा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ट्रेनिंग संपलं. शेवटची परीक्षा. तन्वीने टक वाजवलं! पहिल्यांदाच. मग पुन्हा, पुन्हा. पोरींनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, थांबायचं नाही, चालू ठेवा, आणि मला डोळ्याने खूण केली.

मी तुळस घेऊन गेले. बोलले तेच.

टक थांबलं.

हात छातीवरच होते तिचे. बाजूला नाही झाली ह्या वेळी. पण थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पाठ केलेलं वाक्य तोंडात आलं, "आजी, आम्ही —" आणि पुढे येईना. मीच तुळस खाली ठेवली.

सर म्हणाले, खूप प्रगती आहे. आत्मविश्वास एका दिवसात येत नाही. भला माणूस. पुतळा पेटीत भरला, वेंगुर्ल्याला गेले. तिथे शिकवतील. मी पेटी गाडीपर्यंत नेली, डावा खांदा भरून आला. चांगलाच जड होता अर्धा माणूस.

प्रगती म्हणे. अर्धं वाक्य. अर्ध्या वाक्यावर माझा माणूस परत येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुतळा घेण्याइतकी ऐपत नाही इस्पितळाची. शर्मिलाने जुन्या उशीत काथ्या ठासून भरला, दोरी गुंडाळली. रोज दुपारी पोरींनी ती दाबायची. काथ्याची उशी टक वाजत नाही. दाबलं की नाही दाबलं, कोणाला कळणार?

बाकीच्यांनी दोन दिवस केलं, सोडलं. तन्वी करते. जाणार आहे तरी करते. आज डबा खायला गेले तर स्टोअरमध्ये एकटी, उशीवर. तोंडाने मोजतेय.

मी म्हटलं, "केळीक असां दाबतत काय गो?"

थांबली नाही. मोजणं चुकलं नाही. मोजतामोजताच म्हणाली, "मावशी, भायर."

मी दारात उभी राहिले जरा. मग गेले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निलेशचा फोन गोव्याहून. आई, हॉटेलवाल्यांनी खोली दिलीय, तू ये माझ्याकडे, एकटी काय करतेस? मी म्हटलं, इथे काय करते ते तिथे करणार. जगते.

तो म्हणाला, तुझा आवाज कसा येतोय? दम लागलाय? मी म्हटलं, चुलीपुढे होते. गॅस असून चुलीपुढे? ठेव फोन, मी म्हटलं.

पोर हुशार आहे. बापाच्या वेळीपण त्यानेच म्हटलं होतं, थेट बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्या. वन्सं म्हणाल्या, एवढ्या लांब कित्याक, आपली माणसां हंयच आसत.

आपली माणसं.

१ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी उठावंसं वाटलं नाही. उठून काय करायचं? पुसायचं. ज्या खाटेवर हे गेले ती रोज पुसते. तिच्यावर रोज दुसरं कोणीतरी. आज एक पर्यटक होता, देवबागला बोटीवर पडलेला, हात मोडलेला, डोक्याला मार म्हणून नजरेखाली ठेवलेला, हसत फोनवर फोटो दाखवत होता. मला म्हणाला, मावशी, इथे कोणी मेलंय का या बेडवर?

मी म्हटलं, पाय वर घ्या, पुसायचंय.

तुळस सुकायला आली अंगणातली. बघितली मी. कळशीभर पाणी होतं बाजूला. नाही घातलं. कंटाळा आला. ह्या सगळ्याचाच. पोरी शिकतात, सोडून जातात, पुतळे येतात, जातात. आणि मी पुसते.

३ डिसेंबर, बुधवार

खांदा अजून धरलेला. बाम चोळला. जबड्यातपण ठणकतंय, दाढ असेल.

उद्या वन्संना इस्पितळात दाखवायचंय, प्रेशरच्या गोळ्या संपल्या त्यांच्या. सांगून ठेवलंय, मी जिन्यापाशी असेन, तिथे या.

शनिवारी तन्वीचा शेवटचा दिवस. पोरी केक आणणार आहेत. मी त्या दिवशी रजा टाकणार. कोणाला टाळ्या वाजवायच्या तर वाजवूंदेत.

२३ डिसेंबर, मंगळवार

निलेशकडे आहे, गोव्यात. अक्षर वाकडं येतंय.

मला फक्त जिन्याची पायरी आठवते. बाकी शर्मिला बघायला आली, तिने सांगितलं. जिन्यातच पडले. मला उचलून आयसीयूत नेलं, ह्यांच्याच खाटेवर. डॉक्टर नव्हते. तन्वी होती. वन्सं मागोमाग आल्या, पिशवीतून तुळस काढली — ती बाई तुळशीशिवाय इस्पितळात येत नाही — आणि म्हणाल्या तेच.

तन्वीने वर बघितलंसुद्धा नाही. "पाणी मगे. आदी भायर जावा," म्हणाली आणि कोपराने ढकललं. वन्सं स्टुलावर आदळल्या. अजून तिला शिव्या घालतायत. मग डॉक्टर आले, शॉक दिला, बांबोळीला नेऊन शीर मोकळी केली.

शर्मिला म्हणाली, दाबताना टक असं वाजलं, सगळ्यांनी ऐकलं. पोरगी थांबली नाही.

दोन बरगड्या मोडल्यात. हे मात्र अख्खे गेले.

तो शनिवार होऊन गेला. तन्वी ड्युटीवर आहे म्हणे.

श्वास घेताना दुखतं. घेतेय.